डोकं ठिकाणावर असतानाच लिहून ठेवा!

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, सांभाळून घ्या. पण हा विषय आमच्या नाशिकरोडच्या घरात, जेवणाच्या टेबलावर मराठीतच घडला, म्हणून मराठीत लिहितोय. मावशीची परवानगी घेतली आहे.

माझ्या मावशीला बायपोलर हा आजार आहे. गोळ्या चालू असल्या की ती तुमच्या-आमच्यासारखीच. मटार सोलता सोलता सिरियल बघते, मला ओरडते. पण चार वर्षांपूर्वी त्रास एकदम उफाळला. आठवडाभर झोप नाही. शेवटी चौघांनी धरून तिला अ‍ॅडमिट केलं. बरी झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला कुणी काही विचारलंच नाही रे."

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिने मला बोलावलं. "तू इंजिनिअर ना? मग टाईप कर." तेव्हा मला अ‍ॅडव्हान्स डायरेक्टिव्ह म्हणजे काय ते कळलं.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. त्याचा मसुदा बनवण्यात पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजमधल्या डॉ. सौमित्र पाठारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे हे काम आपल्या शेजारचंच! ह्या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे १८ वर्षांवरची कोणतीही व्यक्ती आधीच लिहून ठेवू शकते की, पुढे मानसिक आजार झाला तर माझ्यावर कसे उपचार करा, कसे करू नका आणि माझ्या वतीने कोणाला विचारा. त्यासाठी आधी आजारी असण्याची अट नाही.

हा कागद कधी चालतो? स्वतःच्या उपचाराचा निर्णय घेण्याची क्षमता नसते तेव्हाच. ती परत आली की कागद बाजूला, पुन्हा तुमचा शब्द चालतो. आपल्या भाषेत सांगायचं तर स्टँडबाय जनरेटर! मेन सप्लाय गेला तरच सुरू होतो.

ठरलेल्या फॉर्मवर लिहायचं, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या आणि मानसिक आरोग्य रिव्ह्यू बोर्डाकडे नोंद करायची. मत बदललं तर कधीही बदलता येतं. डॉक्टरांपर्यंत कागद पोचवायची जबाबदारी मात्र आपली आणि आपल्या प्रतिनिधीची, म्हणून कपाटात कुलूपबंद ठेवून उपयोग नाही.

मर्यादाही आहेत. जीव धोक्यात असेल तर इमर्जन्सी उपचारांना हा कागद अडवू शकत नाही. डॉक्टरांना किंवा नातेवाईकांना तो पटला नाही, तर त्यांना बोर्डाकडे जाता येतं. पण बोर्डाला न विचारता परस्पर कचऱ्याच्या टोपलीत टाकता येत नाही.

मावशीने काय लिहिलं? एका औषधाने अंग ताठ होतं, ते नको. शॉक ट्रीटमेंटची वेळ आली तर आधी बोलून घ्या. (भूल दिल्याशिवाय शॉक द्यायला कायद्यानेच बंदी आहे.) आणि प्रतिनिधी म्हणून माझ्या आईचं नाव. काकांचा चेहरा पडला.

"मी काय तुझा वैरी आहे का?"

"तसं नाही हो. तुम्ही रडता. ताई रडत नाही."

काका गप्प बसले. मग साक्षीदार शोधायला तेच खाली गेले.

हॉस्टेलवाल्यांनी हे का वाचायचं? आपले आईवडील धुळ्याला, जळगावला, नंदुरबारला. आपण तीन रात्री झोपलो नाही हे आधी रूममेटला कळतं. प्रतिनिधी नातेवाईकच हवा असं नाही; १८ वर्षांवरचा, जबाबदारी पेलणारा आणि लेखी संमती देणारा मित्रही चालतो. नुसता प्रतिनिधी नेमायचा तर साध्या कागदावर सही करूनही नेमता येतो.

सबमिशनच्या फाईली आपण आदल्या रात्री लिहितो, ठीक आहे. हा कागद तसा लिहिता येत नाही. आणि आत्ताच त्रास होत असेल तर कागदाची वाट बघू नका. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.