सतरंजी उचलल्यानंतर

गोंदियाजवळच्या फुलचूरमध्ये कुणाचं मयत झालं की त्या घरच्या ओसरीत सतरंजी पडते. ती तेरवीपर्यंत निघत नाही. रोवणीचे दिवस असले तरी बाया बांधीतून हातपाय धुऊन थेट तिथे येतात. शेजारची कुणी वरण-भाताचा डबा ठेवून जाते. गोंदियातून कामावरून परतणारा गाडी लावून दहा मिनिटं टेकतो. चौदाव्या दिवशी सतरंजी परत जाते. घरच्या बाईला खरं रडू पुष्कळदा त्यानंतरच फुटतं. गेलेल्याचे कपडे घडी करताना, नाहीतर रेशनकार्डावरचं नाव कमी करायला गेल्यावर. तेव्हा ओसरी रिकामी असते.

म्हणून ‘आपल्याकडे माणसंच इतकी, आधारगट कशाला?’ हा समज मला अर्धाच खरा वाटतो. माणसं असतात, पण ती तेरा दिवसांची. आणि माणसं जमली म्हणजे आधार झाला असंही नाही. बांगड्या फोडायला, कुंकू पुसायला जमतात तीही माणसंच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने 2022 मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो इतर गावांपुढे ठेवला. गर्दी दुःखात भर घालू शकते, हे त्या गावाने लेखी मान्य केलं.

दुसरा समज, गट म्हणजे सगळ्यांनी मिळून रडायचं. प्रत्यक्षात काय असतं? आठ-दहा माणसं, गोल बैठक, तास-दीड तास, ठरलेला वार. नियम मोजके. इथलं बोलणं इथेच राहील. बोलायचं नसेल तर ‘आज नको’ एवढं पुरे. आणि विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. हा शेवटचा नियम आपल्याला सर्वांत जड जातो, कारण ‘लेकरांकडे पाहून जग बाई’ हे वाक्य आपल्या जिभेवर तयारच असतं. समजा, एकीने सांगितलं की नवरा जाऊन आठ महिने झाले, तरी मी त्याच्या मोबाइलचं रिचार्ज मारते. घरी कुणी ऐकलं तर म्हणेल, वेड लागलं का? इथे शेजारची म्हणते, मी अजून दोघांच्या मापाचे तांदूळ धुते. उपाय कुणीच सांगितलेला नाही. पण आपण एकटेच असे नाही, हे तिला कळलेलं असतं आणि गटाचं बरंचसं काम तेवढ्यावर चालतं.

ही युक्ती कुण्या मानसशास्त्रज्ञाच्या टेबलावर सापडलेली नाही. 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअरदलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही दारूने पोखरलेले, एकमेकांशी बोलत बसले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. पुण्यात 1986 मध्ये ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं आणि पुढे व्यसनी नवऱ्यांच्या बायकांसाठी तिथे ‘सहचरी’ गट चालू लागला. पिणाऱ्याचं दुःख दिसतं, त्याच्या बायकोचं कुणी मोजत नाही. पुण्यातलीच ‘सा’ ही स्किझोफ्रेनियाविषयी काम करणारी संस्था डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्थापली. ते कॅनडातल्या कॅल्गरीत प्राध्यापक होते, आणि पत्नीचा हा आजार त्यांनी घरातच पाहिला होता. अशा आजारात माणूस समोर असतो आणि तरी गेलेला असतो. त्याची तेरवी नसते, म्हणून सतरंजीही पडत नाही.

आता सर्वांत हट्टी समज: ‘बोलतं करा, रडवा, मोकळं होईल.’ 29 नोव्हेंबर 2024 ला आपल्याच गोंदिया–कोहमारा रस्त्यावर एसटीची बस उलटली आणि दहाहून अधिक प्रवासी गेले. अशा प्रसंगानंतर वाचलेल्याच्या खाटेभोवती ‘नेमकं काय झालं?’ विचारणारे जमतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण प्रसंगानंतर लगेच एकदाच बसवून सगळं वदवून घेण्याच्या पद्धतीची तपासणी झाली, तेव्हा पुढचा मानसिक त्रास त्याने टळत नाही असं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मार्गदर्शिकेत क्रम साधा आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. पाणी, चादर, घरच्यांना फोन. सांगायचं असेल तर तो सांगेल.

‘दुःखाच्या पाच पायऱ्या’ही अशाच डोक्यात बसलेल्या. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी त्या 1969 मध्ये मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं वेळापत्रक म्हणून नव्हे. तेव्हा ‘अजून राग का येत नाही?’ असं स्वतःला विचारायचं कारण नाही.

‘ही शहरातली थेरं’ म्हणणाऱ्यांसाठी अमरावती जिल्ह्यातलं उदाहरण पुरेसं आहे. तिथल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरचे कार्यकर्ते तयार केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. हे आपलंच विदर्भ. फुलचूरमध्ये तर बचत गटाच्या बायांना गोल बसायची सवय आधीपासूनच आहे, वहीत फक्त हप्त्याचा हिशेब असतो इतकंच.

गटाला मर्यादा आहेतच. सहा महिन्यांहून जास्त काळ दुःख तेवढंच धारदार राहून रोजचं जगणं थांबलं असेल तर डॉक्टर हवा. जीव नकोसा झाला असेल तर गटाच्या वाराची वाट पाहायची नाही. 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर रात्रीबेरात्रीही मोफत आणि मराठीत बोलता येतं.

राहिला पुरुषांचा प्रश्न. ‘माणूस असं चारचौघांत बोलतो का?’ समोरासमोर बसवलं तर नाही बोलत. हातात काम असलं तर बोलतो, हे धानाची पोती रचणाऱ्या दोघांना पाहिलं तरी कळतं. म्हणून नव्या येणाऱ्याला चहा ओतायचं काम द्यावं. काही जण तीन-तीन आठवडे नुसता चहा ओतून, कप विसळून घरी जातील. चौथ्या आठवड्यात त्यातला एखादा किटली खाली ठेवून बसेल. नाहीतर पुन्हा चहाच ओतेल.