मोझार्टचे उरलेले तास

१३ फेब्रुवारी १७८२, बुधवार. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. व्हिएन्नातल्या ग्राबेन या गजबजलेल्या रस्त्यावर खोली घेऊन राहणारा सव्वीस वर्षांचा मोझार्ट साल्झबुर्गला बहीण नानर्लला पत्र लिहितो. आपली उत्तरे वेळेवर का जात नाहीत, हे तिला कळावे म्हणून तो आपला दिवस तासातासाने मांडतो.

अठराव्या शतकातला संगीतकार बहुधा दरबाराचा किंवा चर्चचा पगारी माणूस असे. हायडन एस्टरहाझी घराण्याच्या चाकरीत होता, बाख लाइपझिगच्या चर्चसंगीताची जबाबदारी सांभाळत होता. मोझार्टने मात्र १७८१ मध्ये साल्झबुर्गच्या आर्चबिशपची नोकरी सोडली. आता त्याला पगार नव्हता, तास विकूनच जगायचे होते. ते पत्र आणि त्या सुमाराची त्याची इतर पत्रे शेजारी ठेवली की त्या काळातले संगीताचे प्रकार कोणासाठी आणि केव्हा जन्म घेत होते, ते नीट दिसते.

सकाळी सहा

सहाला केस बसवून झालेले असतात, सातला संपूर्ण पोशाख. शिकवण्या बड्या घरच्या, तेव्हा दिसणे हाही धंद्याचाच भाग.

सात ते नऊ

लिहिण्याचे हक्काचे तास हे दोनच. टेबलावर जर्मन ऑपेरा आहे : ‘जनानखान्यातून पलायन’. इटालियन ऑपेरात सारेच गायले जाते. हा जर्मन प्रकार मात्र आपल्या संगीत नाटकासारखा, गाण्यांच्या मधले संवाद बोलून करायचा. ओस्मिन नावाचा पहारेकरी रागाने बेभान होतो, तिथे मोझार्टने पट्टी बदलली. एफ मेजरमधून लगतच्या डी मायनरमध्ये न जाता तो जरा दूरच्या ए मायनरमध्ये गेला. माणूस रागात स्वतःला विसरतो, पण संगीताने संगीत राहणे सोडू नये, असे त्याने वडिलांना लिहिले होते. कथेतल्या तुर्की वातावरणासाठी मोठा ढोल, झांजा, ट्रँगल आणि छोटी बासरी. मे महिन्यात दुसरा अंक तो काउंटेस थुन यांना ऐकवील, आणि १६ जुलैला बुर्गथिएटरमध्ये पहिला प्रयोग होईल. पण आज नऊ वाजले की लेखणी खाली.

नऊ ते एक

चार तास शिकवण्या. आधी तो बारा धड्यांचे सहा डुकाट (सोन्याची नाणी) घेई. विद्यार्थिनी आठवडेच्या आठवडे दांडी मारत आणि नुकसान याचे होई. म्हणून त्याने महिन्याचे सहा डुकाट ठरवले, शिका किंवा नका शिकू. तीन विद्यार्थिनी, अठरा डुकाट.

या घरांमधून सोनाटा वाढला. पियानो असलेल्या घराला वाजवायला काहीतरी हवे असे आणि प्रकाशक ते छापून विकत. १७८१ च्या अखेरीस आर्तारिया या प्रकाशकाने मोझार्टचे पियानो-व्हायोलिनचे सहा सोनाटा काढले. ते योजेफा आउअर्नहामर या शिष्येला अर्पण केलेले होते. तिच्याबरोबर वाजवण्यासाठी त्याने दोन पियानोंचा सोनाटाही लिहिला.

सोनाट्याच्या पहिल्या भागाची बांधणी त्या काळातली सर्वांत मोठी कमाई आहे. एक कल्पना मूळ पट्टीत येते, मग संगीत दुसऱ्या पट्टीत सरकते आणि बहुधा तिथे वेगळी सुरावट मांडते. मधल्या टप्प्यात सारे अस्थिर होते, पट्ट्या झपाझप बदलतात. शेवटी सगळे मूळ पट्टीत परत येते, आणि दुसऱ्या पट्टीत ऐकलेली सुरावटही आता तिथेच स्थिरावते. सोनाटा, सिंफनी, क्वार्टेट, सगळीकडे हीच बांधणी भेटते.

दुपार

जेवायला बोलावणे असले तर दोन-तीन वाजतात. आज आणि उद्या काउंटेस झिची आणि काउंटेस थुन यांच्याकडे आहे. अशा जेवणांतून ओळखी होतात आणि ओळखींतून श्रोते मिळतात. डिसेंबरात सम्राट जोसेफ दुसरा याच्यासमोर इटालियन पियानोवादक क्लेमेंटीशी पियानोचा सामना झाला, तेव्हा थुनबाईंनीच आपला पियानो दिला होता.

संध्याकाळी पाच-सहा

आता पुन्हा लिहायला बसता येईल, मैफल नसली तर. उपवासकाळात नाटके बंद असतात आणि रिकामी नाट्यगृहे संगीतकारांना मिळतात, म्हणून नेमके हेच आठवडे कमाईचे. ३ मार्चला बुर्गथिएटरमध्ये त्याची स्वतःची मैफल आहे. तीत तो आपला १७७३ चा कॉन्चेर्टो वाजवणार आहे, पण शेवटचा भाग नवा, सुरावट पुन्हा पुन्हा परतणारा रोंडो. कॉन्चेर्टो तीन भागांचा : जलद, संथ, जलद. वाद्यवृंद विषय मांडतो, मग एकटा वादक तो आपल्या हातात घेतो, आणि शेवटाजवळ वृंद थांबतो तिथे वादकाने आयत्या वेळी जे सुचेल ते वाजवायचे. हा रोंडो व्हिएन्नाने डोक्यावर घेतला. त्याची प्रत वडिलांना पाठवताना मोझार्टने बजावले : रत्नासारखा जपा, कोणालाही वाजवायला देऊ नका, माझ्याखेरीज तो फक्त बहिणीने वाजवायचा.

रात्री नऊ

जवळच वेबर कुटुंब राहते. त्यांची मुलगी, आपली होणारी बायको कॉन्स्टान्झ हिला भेटायचे आणि तिच्या आईचे टोमणे ऐकायचे. परत निघायची वेळ ते टोमणे आणि आपली सहनशक्ती ठरवते, असे तो बहिणीला लिहितो. कॉन्स्टान्झमुळे तो फ्यूगकडेही वळला. त्या वसंतात तो रविवारी दुपारी बाराला बॅरन फान स्वीटन यांच्याकडे जाई. तिथे फक्त हँडल आणि बाख वाजत. तिथून घरी आणलेले फ्यूग ऐकून कॉन्स्टान्झ त्या प्रकाराच्या प्रेमातच पडली आणि तूही लिही म्हणून मागे लागली. फ्यूगमध्ये एकच विषय एकामागून एक आवाज उचलतात आणि प्रत्येक जण आपल्या वाटेने चालतो. फॅशनबाहेर गेलेला हा प्रकार मोझार्टने तिच्यासाठी लिहिला. फ्यूग कागदावर उतरवता उतरवता तो त्याचा प्रिल्यूड मनात रचत होता.

अकरा ते एक

साडेदहा-अकराला घरी. संध्याकाळचा भरवसा नाही, म्हणून झोपण्याआधी थोडे लिहायचे ही सवय. कित्येकदा एक वाजतो, आणि सहाला पुन्हा उठायचे असते.

त्याच वर्षीच्या जुलैत ऑपेरा नुकताच रंगमंचावर आलेला, लग्न तोंडावर, आणि साल्झबुर्गच्या हाफ्नर घराण्यातल्या समारंभासाठी नवे संगीत हवे असा वडिलांचा निरोप आला. त्यासाठी रात्रच वापरावी लागेल, असे त्याने कळवले आणि एकेक भाग टपालाने धाडला. पुढच्या फेब्रुवारीत ती हस्तलिखिते परत आली तेव्हा तो स्वतःच चकित झाला, कारण त्याला त्यातले काहीच आठवत नव्हते. २३ मार्च १७८३ च्या मैफलीत या हाफ्नर सिंफनीचे पहिले तीन भाग सुरुवातीला वाजले आणि चौथा अगदी शेवटी. मध्ये गाणी आणि कॉन्चेर्टो. सिंफनी तेव्हा मैफलीची चौकट होती.

हाफ्नर सिंफनी घाईत लिहिलेली आहे, तरी तिच्यात एकही सैल जागा मला सापडत नाही. याचे एक कारण प्रतिभा. दुसरे कारण त्या शतकाने सर्वांसाठी घडवून ठेवलेले आकृतिबंध. पट्टी कुठे बदलायची, सुरावट कुठे परतायची, चार भागांचा क्रम काय, हे लिहिणाऱ्याला, वाजवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही ठाऊक होते. म्हणून नऊला शिकवणीसाठी तोडलेला धागा रात्री अकराला सापडत असे, आणि सारी ताकद नव्या कल्पनेवर लावता येत असे. आकृतिबंध कलावंताला बांधतात असे आपण सहज म्हणतो. दिवसाचे तुकडे झालेल्या या माणसाला मात्र त्यांनीच मोकळे केले.