थंडाईचा दुसरा पेला

शिमगा जवळ आला की आपली आवराआवर सुरू होते. जुने कपडे बाहेर निघतात, मुलांच्या केसांना तेल चोपडलं जातं, पुरणाची डाळ निवडून होते. मी मात्र तीन वर्षांपासून आणखी एक काम करते. कुठल्या पातेल्यात काय आहे, ते पुरुषमंडळींना आधी विचारते. का, ते सांगते.

त्या धुळवडीला आमच्याकडे पंधरा-वीस माणसं होती. भावजींचा इंदूरचा मित्र भांगेच्या गोळ्या घेऊन आला होता. तिकडे भांगेची परवान्याची दुकानं आहेत. आपल्याकडे परवान्याशिवाय ती बाळगणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा ठरतो, हे मला मागाहून कळलं. बदाम, बडीशेप, मिरी, खसखस वाटून थंडाई मीच केली आणि निम्मीत त्यांनी ती गोळी कालवली. भावजी अकराला एक पेला प्यायले. पाऊण तासाने म्हणतात, "वहिनी, हे नुसतं बदामाचं दूध आहे हो! काही चढली-बिढली नाही." आणि दुसरा पेला भरून घेतला.

फसगत होते ती इथेच. गांजाचा धूर ओढला तर अंमल काही मिनिटांत जाणवतो. भांग पोटात जाते, तिथून यकृतात, आणि यकृतात तिच्यातल्या मादक द्रव्याचं आणखी जोरकस रूप तयार होतं. त्यामुळे परिणाम दिसायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. भरल्या पोटी तर आणखी उशीर. ऐन जोर येतो दोन-चार तासांनी आणि पुरतं उतरायला सहा-आठ तास, कधी बारासुद्धा लागतात. म्हणजे पहिला पेला अजून पोहोचलेलाच नसतो, तोवर माणूस दुसरा घेतो. मग दोन्ही एकदम अंगावर येतात.

भावजींचं तसंच झालं. पानावर बसले आणि पुरणपोळीकडे बघून जे हसत सुटले, ते थांबेनात. मुलंही हसली, आम्हीही हसलो. मग एकाएकी गप्प झाले. डोळे लालबुंद, तोंडाला कोरड, उठायला गेले तर भोवळ. माझा हात घट्ट धरून म्हणाले, "वहिनी, मी जातो बहुतेक. छाती बघा कशी धडधडतेय." दर दोन मिनिटांनी "किती वाजले?" म्हणून विचारायचे. भांगेत वेळ लांबतो. त्यांना वाटे, संध्याकाळ होऊन गेली.

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे लिंबू द्या, कुणी चिंचेचं पाणी, कुणी कडक कॉफी. बोटं घालून ओकवा, डोक्यावर बादली ओता. शुद्धीवर असलेल्या माणसाने लिंबू चोखलं तर बिघडत नाही, पण त्याने भांग उतरते असंही नाही. कॉफीने धडधड वाढायचीच. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात काही ओतू नये आणि उलटीही घडवून आणू नये; ते श्वासनळीत जायचं भय असतं. दारूचा घोट तर मुळीच देऊ नका. भांगेवर असा हुकमी उतारा नाही, वेळ जावा लागतो.

मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. पडदे ओढले आणि यांना सोडून बाकी सगळ्यांना बाहेर काढलं. "भावजी, ही भांग आहे. उतरणार आहे. आम्ही इथेच आहोत." हे मी पन्नासदा तरी हळू आवाजात म्हटलं असेल. कुशीवर निजवलं, घोट घोट पाणी दिलं, न्हाणीघरात जातानाही यांनी दंड धरला. स्कूटरची किल्ली मी डब्यात लपवली, ती दुसऱ्या दिवशीच काढली.

या गडबडीत वन्संचा पाच वर्षांचा मुलगा झोपाळ्यावर निजला होता. "खेळून दमलाय," म्हणून कुणी तरी त्याच्यावर चादर घातली. तीनच्या सुमाराला मी सहज वाकले, तर त्याच्या वरच्या ओठावर पिवळ्या दुधाची रेघ! तिपाईवर उष्टे पेले तसेच पडले होते. हाका मारल्या. डोळे अर्धे उघडले आणि मिटले. हात उचलला तर तो चिंधीसारखा पडला. मोठ्या माणसाचा आरडाओरडा सगळ्यांना ऐकू गेला होता, पोर मात्र मुकाट्याने झोपलं होतं.

लहान मुलाच्या बाबतीत "उतरेल" म्हणून थांबायचं नाही. गाडी नसेल तर १०८ ला फोन करायचा. मुलांचा श्वास मंदावू शकतो, बेशुद्धीही येते. आमची गाडी होती. वाटेत एक वडीलधारे म्हणाले, "भांगेचं बोलू नका, पोलिसांचं लचांड लागेल. ऊन लागलं म्हणा." मी दारातच डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं, किती वाजता प्यायला असेल तेही. ते म्हणाले, "बरं केलंत. नाही तर मेंदूचा ताप समजून आम्ही पाठीतलं पाणी काढायला निघालो असतो." रात्रभर सलाईन, बोटाला यंत्र लावून श्वासावर नजर. पहाटे त्याने बिस्किट मागितलं.

मोठ्यांच्या बाबतीतही छातीत दुखलं, झटके आले, हलवूनही जाग येईना, श्वास संथ झाला, किंवा माणूस हृदयविकाराचा असेल, बाई गरोदर असेल, तर घरी बसू नये. भास-भ्रम दुसऱ्या दिवशीही राहिले तरी दाखवावं. आणि बाहुल्या मोठ्या झाल्या, अंग तापून कोरडं पडलं, माणूस असंबद्ध बरळू लागला, तर भांगेत धोतरा मिसळलेला असू शकतो. मग थेट इस्पितळ.

भावजी दुसऱ्या दिवशी दहाला उठले. डोकं जड होतं, बाकी ठीक. भाच्याचं कळल्यावर मान खाली घालून बसून राहिले. मला कुणी काही बोललं नाही, पण दोन्ही थंडाया एकसारख्या पातेल्यांत शेजारी शेजारी मीच ठेवल्या होत्या. आता घरात एकच पातेलं असतं, साधं. पेले मी लगेच विसळते. वन्सं दर धुळवडीला येतात, पुरणपोळी आवडीने खातात. थंडाईला मात्र "नको गं, घसा धरलाय" म्हणतात.