हैदराबादचे दहा लाख पौंड आणि बीडची रयत

सार्वजनिक पैसा घेऊन परदेशी पळालेल्यांची चर्चा निघाली की आपल्याकडे विजय मल्ल्या, नीरव मोदी ही नावे येतात आणि चर्चा तेथेच संपते. मराठवाड्यातल्या माणसाने ती जरा मागून सुरू करायला हवी. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाच्या अर्थमंत्र्याने राज्याचा पैसा परक्या खात्यात घातला, त्याचा निकाल लागायला ७१ वर्षे लागली. पंतप्रधान नजरकैदेतून निसटला आणि त्याला कोणी परत आणू शकले नाही. माणूस परत आणणे आणि पैसा परत आणणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, त्यांचे कायदेही निरनिराळे आहेत. आणि ज्याच्या घामाचा तो पैसा, त्याच्या हाती शेवटी काय पडते, हा तर तिसराच प्रश्न. तो सहसा कोणी विचारत नाही.

निजामाने शरणागती जाहीर केली ती १७ सप्टेंबर १९४८ रोजी. तीन दिवसांनी, २० सप्टेंबरला, लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत निजाम सरकारच्या खात्यावर असलेले १०,०७,९४० पौंड ९ शिलिंग पाकिस्तानचे तेथील उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या नावे वळते झाले. आदेश मोईन नवाज जंग यांचा. हे संस्थानचे अर्थमंत्री. सुरक्षा समितीपुढे हैदराबादची बाजू मांडणाऱ्या शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून ते तेव्हा युरोपात होते. २७ सप्टेंबरला निजामाने बँकेला कळविले की हा व्यवहार माझ्या परवानगीवाचून झाला, पैसे परत करा. आता पैसे रहिमतुल्लांच्या नावावर होते. त्यांच्या संमतीवाचून बँक ते हलविणार नव्हती. आणि ती संमती कोण देणार?

ह्या शिष्टमंडळात औरंगाबादेत जन्मलेले दलित पुढारी बी. श्यामसुंदर हेही होते, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच पाकिस्तानातील आणि हैदराबादेतील अस्पृश्यांना लीगवर वा निजामावर विसंबू नका असे बजावले होते. श्यामसुंदरांची वाट उलट होती. तिची चिकित्सा वेगळ्या लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवितो की ते परत आले, ह्याच मुलखात राहिले आणि १९६८ साली त्यांनी गुलबर्ग्यात भीमसेना उभी केली.

हा पैसा आला कोठून? संस्थानाची सोळा जिल्ह्यांची तिजोरी एकच. तीतला बीडचा वाटा वेगळा काढून दाखविता येणार नाही. पण तिजोरी भरण्याची रीत बीड, गेवराई, केज, आष्टीच्या जुन्या माणसांना सांगायला नको. जमिनीचा सारा होता, युद्धकाळापासून धान्याची सक्तीची लेव्ही होती, आणि ह्या दोन्हींच्या खाली, कोणत्याही जमाखर्चात न येणारी वेठ होती. अंमलदार गावात आला की त्याचे सामान वाहायचे, घोड्याला वैरण घालायची, टपाल पोचवायचे, ही कामे महार-मांगांची. साऱ्याच्या वसुलाबरोबर तालुक्याच्या खजिन्यापर्यंत चालत जाणे हेही परंपरेने महाराचेच काम. म्हणजे पैसा खजिन्यात सुखरूप पोचविण्याची जोखीम ज्याच्या शिरावर, त्याचा त्या खजिन्यावर कवडीचा अधिकार नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे लंडनच्या न्यायालयात ती पुन्हा भेटणार आहे.

आधी माणसाकडे वळू. संस्थानचे पंतप्रधान मीर लायक अली बेगमपेठेत नजरकैदेत होते. मार्च १९५० मध्ये पहारेकऱ्यांच्या डोळ्यांत धूळ टाकून ते निसटले आणि कराचीत प्रकट झाले. त्यांना परत मागण्याचा रस्ताच भारताजवळ नव्हता. एका देशाने दुसऱ्या देशाला आरोपी देणे ह्याला प्रत्यार्पण म्हणतात, आणि ते करारावर चालते. भारत-पाकिस्तानात असा करार तेव्हा नव्हता, आजही नाही. शिवाय जगभर मान्य झालेला एक नियम असा की राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी आरोपी दिला जात नाही. लायक अलींनी हा आडोसा सहज घेतला असता.

इंग्रजी साम्राज्यात ही अडचण नव्हती. १८८१ च्या फरारी गुन्हेगार कायद्याने साम्राज्यातल्या एका मुलखातून दुसऱ्या मुलखात माणूस धाडता येई. साम्राज्य मोडले तशी ही साखळीही तुटली, आणि ती तोडण्यात आपलाही हात होता. सिंगापुरात विश्वासघाताचा आरोप असलेला एक वकील मद्रासेत सापडला असता, १९५४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की प्रजासत्ताक भारतात हा जुना कायदा त्याला लागू करता येत नाही. चोर आपल्या घरी आला तेव्हा आपणही तो दिला नाही! पुढे १९६२ साली आपला स्वतःचा प्रत्यार्पण कायदा झाला.

मोठी माणसे निसटली. लातूरला वकिली करणारा रझाकारांचा पुढारी कासीम रझवी शिक्षा भोगून १९५७ साली सुटला आणि पाकिस्तानात गेला. मागे राहिला तो खेड्यातला मुलाणी, पिंजारी, तांबोळी. पोलिस कारवाईनंतर मराठवाड्यात जो सूड उगविला गेला तो ह्यांच्यावर. पंडित सुंदरलाल समितीने तो लिहून ठेवला, आणि तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. पळून जाणाऱ्याचे देणे मागे राहणाऱ्याने फेडायचे, हा ह्या प्रकरणातला सर्वांत क्रूर भाग आहे.

आता पैशाची वाट. १९५४ साली निजामाने लंडनमध्ये दावा लावला. १९५७ साली तो हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि तेथे अडला. पैसे रहिमतुल्लांच्या नावे असले तरी ते पाकिस्तान सरकारचे हस्तक म्हणून आहेत, आणि परक्या सार्वभौम राज्याला त्याच्या इच्छेविरुद्ध न्यायालयात खेचता येत नाही, म्हणून दावा पुढे चालणार नाही, असे ठरले. पैसा कोणाचा, हा प्रश्न ऐकलाच गेला नाही. खाते गोठले आणि त्यावर व्याज चढत राहिले. २०१३ साली पाकिस्तानने स्वतःच त्या पैशासाठी न्यायालयात पाऊल टाकले आणि आपले कवच आपणच उतरविले. हा पैसा शस्त्रपुरवठ्याच्या बदल्यात होता, असे पाकिस्तानचे एक म्हणणे. १९४८ साली सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक हैदराबादेत चोरून शस्त्रे उतरवीत होता हे खरे; पण हे दहा लाख पौंड त्यापोटीचे होते, हे न्यायालयाने मानले नाही. २ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी निकाल दिला: पैसा सातव्या निजामाचा, म्हणून त्याच्या हक्काने दावा सांगणाऱ्यांचा. हे दावेदार होते भारत सरकार आणि निजामाचे दोन नातू, मुकर्रम जाह आणि मुफ्फखम जाह. त्यांनी आपसांत आधीच समेट केला होता. दहा लाखांचे एव्हाना सुमारे साडेतीन कोटी पौंड झाले होते.

भारत जिंकला म्हणून वर्तमानपत्रांनी आनंद केला. आनंदाला हरकत नाही. पण खाते निजाम सरकारचे होते, आणि निकालात पैसा निजामाचा ठरला. अनियंत्रित राजवटीत राज्याची तिजोरी आणि राजाची थैली ह्यांच्यात भिंत नसते. कायद्याला विचारले की हा पैसा कोणाचा, तर तो वर पाहतो, खाली पाहत नाही. न्यायालयाचा दोष म्हणावा तर तोही नाही, कारण रयत दावेदार म्हणून उभी नव्हती आणि तिला उभे राहण्याची जागाही नव्हती.

आज राजा नाही, राज्यघटना आहे. मग आज काय चालते? एक गोष्ट बदलली ती अशी की पळणारा सहसा अधिकारी नसतो. अधिकाऱ्याच्या सहीचा लाभ घेणारा पळतो. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेतून तेरा हजार कोटींहून अधिक रकमेचा गैरव्यवहार उघड झाला. त्यात हमीपत्रे दिल्याचा आरोप ज्याच्यावर आहे तो निवृत्त उपव्यवस्थापक गोकुळनाथ शेट्टी फेब्रुवारी २०१८ मध्ये येथेच पकडला गेला. नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी जानेवारीतच देशाबाहेर गेले होते. मोदीला मार्च २०१९ मध्ये लंडनला अटक झाली, फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायाधीशांनी आणि एप्रिलमध्ये गृहमंत्र्यांनी प्रत्यार्पणाला संमती दिली, नोव्हेंबर २०२२ मध्ये अपील फेटाळले गेले. तरी २०२५ संपताना तो ब्रिटनच्याच तुरुंगात होता. मल्ल्याचे अपील २०२० साली फेटाळले. तोही २०२५ पर्यंत इंग्लंडातच.

हा वेळ कशात जातो? ज्या कृत्यासाठी माणूस मागायचा ते दोन्ही देशांत गुन्हा असले पाहिजे. सकृद्दर्शनी पुरावा तेथील न्यायालयापुढे मांडला पाहिजे. ज्या आरोपासाठी आणला त्याखेरीज दुसरा खटला त्याच्यावर चालवता येत नाही. ह्या सगळ्यानंतर प्रश्न येतो तुरुंगाचा. मल्ल्याच्या खटल्यात लंडनच्या न्यायाधीशांनी आर्थर रोड तुरुंगाच्या बरॅक क्रमांक १२ चे चित्रीकरण मागविले. खिडकीतून ऊन किती येते हे त्यांना पाहायचे होते. चोक्सीसाठी बेल्जियमच्या न्यायालयाला ह्याच बरॅकीची मोजमापे कळविण्यात आली.

ह्यावर चिडून जाणे सोपे आहे. मला ते चूक वाटते. आरोपीला माणसासारखे ठेवा ही मागणी रास्तच आहे. पण ह्या देशातल्या कच्च्या कैद्यांत दलितांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येपेक्षा अधिक आहे, आणि पारध्याचे पोर चोरीच्या संशयावरून आत गेले तर त्याच्या कोठडीत ऊन येते की नाही हे पाहायला कोणी कॅमेरा धाडीत नाही. तुरुंगांच्या नियमावल्यांत झाडलोट आणि संडास-सफाई जातीवरून वाटून दिलेली होती. ती रद्द करायला आपल्या सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला, तेही एका महिला पत्रकाराने अर्ज केला म्हणून. बरॅक क्रमांक १२ पळून गेलेल्याच्या सोयीसाठी सुधारली. इतर बरॅकींतल्यांना प्रत्यार्पण नाही, म्हणून त्यांचे मोजमापही नाही.

पैसा मात्र आता माणसासाठी थांबत नाही. २०१८ च्या फरारी आर्थिक गुन्हेगार कायद्याने शंभर कोटींवरच्या प्रकरणात, आरोपी परत येवो न येवो, त्याची मालमत्ता सरकारजमा करता येते. मल्ल्या हा ह्या कायद्याखाली घोषित झालेला पहिला, जानेवारी २०१९ मध्ये. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत सांगण्यात आले की त्याच्या मालमत्तेतून १४,१३१ कोटी आणि नीरव मोदीच्या मालमत्तेतून १,०५२ कोटी रुपये सरकारी बँकांकडे परत गेले. भ्रष्टाचारविरोधी संयुक्त राष्ट्र कराराच्या ५७ व्या कलमात मूळ हक्कदाराला मालमत्ता परत करण्याची आणि पीडितांना भरपाई देण्याची भाषा आहे. भारताने तो करार २०११ साली मान्य केला. आपल्या व्यवहारात पीडित म्हणजे बँक. विमान कंपनीच्या ज्या सेवकांचे पगार थकले त्यांना कित्येक वर्षे आपली वाट वेगळी शोधावी लागली.

बीडला ह्याचा ताजा अनुभव आहे. बीडमध्ये मुख्यालय असलेली ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्था कोसळली आणि तिचे अध्यक्ष सुरेश कुटे यांना जून २०२४ मध्ये अटक झाली. ठेवीदारांच्या पैशातले दोन हजार कोटींहून अधिक रुपये कुटे समूहाकडे वळविले आणि काही भाग हाँगकाँगला गेला, असा अंमलबजावणी संचालनालयाचा आरोप आहे. तो सिद्ध व्हायचा आहे. येथे माणूस हाती आहे, पैशाचा माग परदेशी जातो. मल्टिस्टेट असल्याने तिचा निबंधक दिल्लीत; बीडच्या सहकार खात्याच्या दारात बसलेल्या बाईला हे सांगायला कोण जाणार? पण एक गोष्ट तिच्या बाजूने आहे. महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार हितरक्षण कायदा जप्त मालमत्तेवर ठेवीदाराचा हक्क मानतो. पावती घेऊन ती दावेदार म्हणून उभी राहू शकते. लंडनमध्ये रयतेला जी जागा नव्हती ती येथे कागदावर तरी आहे. म्हणून ज्यांच्या पावत्या आहेत त्यांनी त्या जपून ठेवाव्यात, सक्षम अधिकाऱ्याकडे दावा नोंदवावा आणि पोच घ्यावी.

ज्याच्याकडे पावतीच नाही त्याचे काय? अण्णाभाऊ साठे विकास महामंडळ १९८५ साली मातंग आणि तत्सम जातींसाठी निघाले. तीनशे कोटींहून अधिक रकमेच्या अपहाराच्या आरोपावरून त्याचे अध्यक्ष, मोहोळचे तत्कालीन आमदार रमेश कदम यांना ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्यात अटक झाली. कोणी परदेशी गेले नव्हते, कोणाचे प्रत्यार्पण मागायचे नव्हते. आठ वर्षांनी, २०२३ साली, ते जामिनावर सुटले. जप्तीतून जे निघेल ते महामंडळाचे. बँडचे सामान घ्यायला, शेळ्या घ्यायला ज्याने अर्ज केला आणि ज्याचे प्रकरण त्या वर्षांत अडले, तो ठेवीदार नाही, धनको नाही, खटल्यात पक्षकार नाही. महामंडळाच्या कर्जाला वयाची अट पन्नास वर्षांची आहे. २०१४ साली पंचेचाळिशीत अर्ज केलेला माणूस आता त्या अटीत बसत नाही.