पदभ्रमण, वेल्समधील

ग्रेट ब्रिटनच्या पश्चिम भागातील वेल्स या देशाच्या सागरकिनाऱ्याने व ग्रामीण प्रदेशातून, बहुधा जाणकार मार्गदर्शकासमवेत, पायी हिंडून घालविली जाणारी काही दिवसांची सुटी. गिर्यारोहणाप्रमाणे यात दोर व इतर साधनांची गरज नसते; मजबूत बूट, पावसाळी अंगरखा, नकाशा व दिवसाला १५ ते २० किमी. चालण्याची तयारी एवढे पुरते. या सुटीचा आधार निसर्गसौंदर्य हा असला, तरी ती शक्य होते ती सार्वजनिक वहिवाटीच्या वाटांमुळे. या वाटा कायद्याने मान्य झालेल्या असून त्यांपैकी बहुसंख्य खाजगी शेतांतून व कुरणांतून जातात.

इतिहास : औद्योगिक क्रांतीनंतर कारखान्यांत काम करणाऱ्या वर्गाला मोकळ्या हवेतील स्वस्त व निरोगी सुटी मिळावी, या विचारातून ब्रिटनमधील संघटित पदभ्रमणाचा उगम झाला. लँकाशरमधील कोल्न येथील धर्मोपदेशक टी. ए. लेनर्ड यांनी १८९१ मध्ये गिरणगावातील लोकांना सरोवर प्रदेशात पायी सहलीस नेले व १८९३ मध्ये सहकारी तत्त्वावर सुट्यांची संस्था स्थापन केली. त्यांनीच १९१३ मध्ये ‘हॉलिडे फेलोशिप’ ही दुसरी संस्था काढली. सामुदायिक निवास, साधे भोजन व नेत्यासमवेत दिवसभराची चाल ही आजच्या मार्गदर्शित सुटीची घडण या संस्थांनी घालून दिली. १९३० मध्ये स्थापन झालेल्या ‘युथ होस्टेल्स असोसिएशन’चे पहिले वसतिगृह वेल्समधील कॉनवी नदीच्या खोऱ्यातच उघडले गेले.

याच काळात जमीनमालक व पादचारी यांच्यातील संघर्ष तीव्र झाला. शिकारीसाठी राखलेल्या माळांवर प्रवेश मिळावा, म्हणून २४ एप्रिल १९३२ रोजी इंग्लंडमधील किंडर स्काउट या डोंगरावर शेकडो लोकांनी सामुदायिक प्रवेश केला व त्यांपैकी काहींना तुरुंगवास भोगावा लागला. त्याच वर्षीच्या वहिवाटविषयक कायद्याने, एखादी वाट लोकांनी वीस वर्षे हक्काने व अखंड वापरली असल्यास ती सार्वजनिक मानावी, हे तत्त्व मान्य केले. पुढे १९४९ च्या राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण प्रदेश प्रवेश अधिनियमाने सर्व सार्वजनिक वाटा अधिकृत नकाशावर नोंदविण्याचे बंधन स्थानिक शासनावर घातले आणि राष्ट्रीय उद्याने व लांब पल्ल्याचे मार्ग यांची तरतूद केली. त्यानुसार वेल्समध्ये स्नोडोनिया (१९५१), पेंब्रुकशर किनारा (१९५२) व ब्रेकन बीकन्स (१९५७) ही राष्ट्रीय उद्याने निर्माण झाली. पहिले व तिसरे आता अनुक्रमे एरेरी व बनाय ब्रखेनिओग या वेल्श नावांनी ओळखली जातात. २००० च्या कायद्याने नोंदलेल्या माळरानांवर व डोंगराळ भूमीवर वाट सोडूनही पायी हिंडण्याचा हक्क दिला. वेल्समध्ये तो २००५ पासून अंमलात आला.

प्रमुख मार्ग : पेंब्रुकशर किनारामार्ग हा वेल्समधील सर्वांत जुना राष्ट्रीय पदमार्ग. स्कोकहोम बेटावर १९२७ पासून राहून सागरी पक्ष्यांचा अभ्यास करणारे निसर्गशास्त्रज्ञ रोनाल्ड लॉकली यांनी त्याची पाहणी केली. योजनेस १९५३ मध्ये मान्यता मिळाली. परंतु अनेक जमीनमालकांशी वाटाघाटी करणे, नवे दुवे जोडणे व पादपूल बांधणे यांत सतरा वर्षे गेली आणि मार्ग १९७० च्या मे महिन्यात खुला झाला. सेंट डॉगमल्स ते अ‍ॅमरॉथ अशी त्याची लांबी २९९ किमी. आहे. सर्वोच्च ठिकाण केवळ १७५ मी. उंचीवर असले, तरी प्रत्येक ओढ्याच्या मुखाशी उतरून पुन्हा चढावे लागत असल्याने संपूर्ण मार्गातील एकूण चढ सु. १०,७०० मी. भरतो.

ऑफाज डाइक मार्ग (२८५ किमी.) हा आठव्या शतकातील मर्शियाचा राजा ऑफा याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मातीच्या बांधास अनुसरून इंग्लंड-वेल्स सीमेजवळून जातो. त्याचे उद्‌घाटन १९७१ मध्ये एव्हरेस्ट मोहिमेचे (१९५३) नेते लॉर्ड हंट यांनी केले. संपूर्ण किनारा जोडणारा वेल्स किनारामार्ग ५ मे २०१२ रोजी खुला झाला. दक्षिणेस चेप्स्टोपासून उत्तरेस क्वीन्सफेरीजवळील इंग्लंडच्या सीमेपर्यंत त्याची लांबी सु. १,४०० किमी. असून एखाद्या देशाच्या सबंध किनाऱ्यालगत जाणारा हा जगातील पहिला मार्ग मानला जातो.

भूदृश्य व जीवसृष्टी : दक्षिण पेंब्रुकशर व गाउअर द्वीपकल्प येथे चुनखडकाचे उभे कडे, गुहा व सागरी कमानी आढळतात. ‘ग्रीन ब्रिज ऑफ वेल्स’ या प्रसिद्ध कमानीचा काही भाग ऑक्टोबर २०१७ मधील वादळात कोसळला. सेंट डेव्हिड्सच्या परिसरात कँब्रियनपूर्व काळातील अतिप्राचीन खडक उघडे पडले आहेत. मिलफर्ड हेवन ही समुद्राची पातळी वाढल्याने बुडालेली नदीची दरी होय. वसंत ऋतूत कड्यांवर गुलाबी थ्रिफ्ट व पिवळी गॉर्स फुलते. शरद ऋतूत निर्जन कोंडींत करड्या सीलची पिले जन्मतात. स्कोमर बेटावर मँक्स शिअरवॉटर या पक्ष्याची जगातील सर्वांत मोठी वसाहत आहे. हा पक्षी रात्रीच्या अंधारात बिळाकडे परततो व हिवाळा दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ घालवितो.

आयोजन व मार्गदर्शक : मार्गदर्शित सुटीचे दोन प्रकार रूढ आहेत. एकात एकाच ठिकाणी मुक्काम ठेवून दररोज वेगळ्या टप्प्यावर जातात. दुसऱ्यात रोज पुढच्या गावी मुक्काम हलतो व सामान वाहनाने नेले जाते. प्रत्येक सुटीची अवघडपणानुसार प्रतवारी केलेली असते.

मार्गदर्शकाचे खरे काम वाट दाखविणे एवढेच नसते, कारण पिवळ्या बाणांच्या व ओकफळाच्या खुणांवरून वाट सहसा सापडते. भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून दिवस आखणे हे त्याचे पहिले कर्तव्य होय. ब्रिस्टल खाडीतील भरती-ओहोटी जगातील सर्वांत मोठ्यांपैकी असून सेव्हर्न नदीच्या मुखाशी पाण्याच्या पातळीतील फरक १४ मी. पर्यंत जातो. गाउअरमधील वर्म्स हेड या भूशिराकडे नेणारी खडकाळ वाट ओहोटीच्या आगेमागे सु. अडीच तासच उघडी असते. वेळ चुकल्यास माणसे पलीकडे अडकतात. सँडी हेवन येथील ओलांडही ओहोटीवर अवलंबून आहे. कॅसलमार्टिन येथे लष्करी गोळीबाराच्या दिवशी काही वाटा बंद असतात. कुत्रे सैल सोडू न देणे व फाटके लावून घेणे ही शिस्तही त्यालाच पाळून घ्यावी लागते, कारण मेंढपाळांची सहनशीलता तिच्यावर अवलंबून असते.

स्थलनामे उलगडून सांगणे हा मार्गदर्शनाचा आणखी एक भाग. वेल्शमध्ये ‘अबेर’ म्हणजे नदीमुख, ‘पोर्थ’ म्हणजे लहान बंदर, ‘त्राय्थ’ म्हणजे पुळण, ‘अनिस’ म्हणजे बेट व ‘पेन’ म्हणजे माथा किंवा टोक. ही नावे समजली की नकाशाच प्रदेशाचे वर्णन करू लागतो.

समस्या : पदभ्रमणामुळे खेड्यांतील खानावळी, दुकाने व बससेवा यांना आधार मिळतो, परंतु त्याच सौंदर्यामुळे किनाऱ्यावरील घरे बाहेरच्यांची सुटीतील घरे बनली व स्थानिक तरुणांना ती परवडेनाशी झाली. २०२१ च्या जनगणनेत तीन वर्षे व त्यांवरील लोकसंख्येपैकी १७·८ टक्के लोकांनी वेल्श बोलता येत असल्याचे नोंदविले. त्यामुळे वेल्शभाषी खेडी ओस पडणे हा भाषेच्याही अस्तित्वाचा प्रश्न ठरतो. अशा घरांवर स्थानिक कराच्या ३०० टक्क्यांपर्यंत अधिभार लावण्याची मुभा परिषदांना एप्रिल २०२३ पासून देण्यात आली.

दुसरी समस्या सागरी झिजेची. कडा ढासळला की त्यावरील वाटही जाते. इंग्लंडमध्ये २००९ च्या कायद्यानुसार किनारामार्ग आत सरकविण्याची तरतूद आहे; वेल्समध्ये मात्र मार्ग मुख्यतः जुन्या वहिवाटी व मालकांशी झालेले करार यांवर उभा असल्याने प्रत्येक वेळी नव्याने बोलणी करावी लागतात. त्यामुळे एकदा मिळविलेली वाट कायमची मिळाली असे होत नाही. तिची नोंद, दुरुस्ती व नियमित वापर ही तिन्ही कामे चालू राहिली तरच ती टिकते.