शिदोरी दाराबाहेर का राहते?

मंडळी, नरसीत येऊन खाण्याच्या भावावर बोलायचं, हे काही जणांना विचित्र वाटेल. पण नामदेवरायांची आपल्याला सगळ्यात आधी कळलेली कथा कोणती? नैवेद्याची. देव जेवल्याशिवाय हलायचंच नाही म्हणून अडून बसलेलं ते पोर. आणि दुसरी, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावण्याची. तेव्हा खाण्याचा विषय या गावाला परका नाही.

आपल्या भागातल्या शाळांच्या सहली आता वेरूळ-अजिंठ्यावर थांबत नाहीत. पालकांनी पैसे भरायचे, एसटीच्या सवलतीच्या गाडीनं रात्रभर प्रवास करायचा आणि सकाळी थीम पार्कच्या दारात उतरायचं. महाराष्ट्रात हा प्रकार रुजला तो 1989 मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं तेव्हापासून. 2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं. आता जिल्ह्याजिल्ह्यांत लहानमोठे वॉटर पार्क आहेत. बहुतेकांच्या दारावर एक नियम असतो: बाहेरचं खाणं आत नेता येणार नाही. आईनं पहाटे उठून केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पिशवी तपासताना बाहेर राहते. आत गेल्यावर तेच पोर बटाट्याच्या चार कापांसाठी बाजारभावाच्या कितीतरी पट पैसे मोजतं, आणि ते कापही बरेचदा गार झालेले असतात.

आता राग बाजूला ठेवून कारणं पाहू. कारण मालकाचीही एक बाजू आहे आणि ती खोटी नाही. पार्क सुट्टीच्या दिवशी भरतं आणि एरवी ओस पडतं. माणसं दुपारी एकच्या सुमारास एकदम जेवायला येतात. तेवढ्या दोन तासांसाठी स्वयंपाकघर आणि माणसं बारा महिने पोसावी लागतात. दुकान चालवणारा बऱ्याचदा पोटभाडेकरू असतो. त्याच्या विक्रीतला वाटा पार्कला जातो. हे सगळं वड्याच्या किमतीत येतं.

पण एवढ्यानं तो भाव पुरता समजत नाही. वॉल्टर ओय या अर्थशास्त्रज्ञानं 1971 मध्ये डिस्नेलँडचं उदाहरण घेऊन एक गाजलेला लेख लिहिला. तेव्हा तिथं प्रवेशाचं तिकीट वेगळं आणि आतल्या पाळण्यांची तिकिटं वेगळी होती. ओयनं विचारलं, मालकानं पैसे दारावर घ्यावेत की आत? सगळी गिऱ्हाइकं सारखी असतील तर दारावर भरपूर घ्यावेत आणि आतल्या वस्तू लागत खर्चात द्याव्यात. पण गिऱ्हाइकं सारखी नसतात, म्हणून आतही थोडं वाढवून घेणं फायद्याचं ठरतं. आजचा मालक हेच वेगळ्या शब्दांत सांगतो: आम्ही खाण्यात कमावतो म्हणून तिकीट एवढ्यावर ठेवता येतं, ज्याला परवडत नाही त्यानं खाऊ नये.

‘खाऊ नये’ हे शब्द जरा तपासून बघू. तत्त्वज्ञान शिकवण्यात आमची हयात गेली, तेव्हा शब्दावर अडण्याची सवय काही जात नाही.

3 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की सिनेमागृह ही खासगी मालमत्ता आहे, बाहेरचं खाणं आणू न देण्याचा मालकाला अधिकार आहे, आणि आतलं विकत घ्यायचं की नाही हे प्रेक्षकानं ठरवावं. पिण्याचं स्वच्छ पाणी मात्र फुकट मिळालं पाहिजे आणि तान्ह्या मुलांसाठी आईबापांना खाणं नेता आलं पाहिजे. सुनावणीत सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी जिलबीचं उदाहरण दिलं: कुणी चिकट बोटं खुर्चीला पुसली तर साफसफाईचा खर्च कुणी द्यायचा? प्रश्न रास्त आहे. त्याआधी, 2018 च्या नागपूर अधिवेशनात, आपल्या राज्याच्या मंत्र्यांनी बाहेरच्या खाण्यावर बंदी नसल्याचं सांगितलं होतं, आणि थोड्याच दिवसांत सरकारनं उच्च न्यायालयात हस्तक्षेपाची गरज नसल्याची भूमिका घेतली. असो.

हा निकाल सिनेमागृहाबद्दल आहे आणि तिथं तो पटण्यासारखा आहे. सिनेमा तीन तासांचा. घरी जेवून जावं, परत येऊन खावं. ‘घेऊ नका’ याला तिथं अर्थ आहे. पार्कात माणूस सकाळी दहाला शिरतो आणि संध्याकाळी निघतो, दिवसभर उन्हात आणि पाण्यात असतो. बाहेर पडलं तर पुन्हा आत येण्याची सोय बहुधा नसते. सोबत आठ वर्षांचं पोर असतं, मधुमेह असलेली आजी असते. तिला वेळेवर खाल्लं नाही तर चक्कर येते. तिला ‘घेऊ नका’ म्हणणं म्हणजे काय? नकार देण्याचं स्वातंत्र्य कागदावर तेवढंच राहतं, आणि भुकेचे तास वाढतील तसं ते आटत जातं. आमच्या मते या प्रश्नाची नस इथं आहे. किंमत दुप्पट की तिप्पट, हा मुद्दा त्यानंतरचा.

ही युक्ती जुनीच आहे. थेलीस या ग्रीक तत्त्वज्ञाची गोष्ट ॲरिस्टॉटल सांगतो. ऑलिव्हचं पीक भरघोस येणार हे ओळखून थेलीसनं हिवाळ्यातच सगळे घाणे स्वस्तात भाड्यानं घेऊन ठेवले आणि हंगामात मनमानी दरानं दिले. त्यानं घाणा सुधारला नाही, तेल वाढवलं नाही, दुसरा पर्याय तेवढा संपवला. आपल्याकडे कौटिल्यानं व्यापाऱ्याचा नफा देशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा असा बांधून दिला होता. आज तसं करावं असं आम्ही म्हणत नाही. पण भाव ही केवळ दोघांमधली खासगी बाब आहे, असं आपल्या परंपरेनं कधी मानलं नाही, एवढं लक्षात असू द्या.

आता चवीकडे या. कामिका एकादशीला, परतवारीला, इथं गर्दी होते तेव्हा बघा. एका ओळीत दुकानं असतात. एकाचं तेल जळकं लागलं तर माणूस पुढच्याकडे जातो. जत्रेतला रहाटपाळणा आणि पार्कातला पाळणा यांत खरं अंतर दाराचं आहे. जत्रेला दार नसतं, म्हणून शेजारचा दुकानदारच भाव आणि चव दोन्ही धरून ठेवतो. (माशा बसतात हे कबूल. स्वच्छतेत पार्क पुढं असतं.) पार्कात गिऱ्हाईक त्या दिवशी दुसरीकडे जाऊ शकत नाही आणि पुन्हा येईल तर चारपाच वर्षांनी. मग शिळा पाव विकला तरी उद्याचं काही बिघडत नाही. महाग आणि बेचव एकाच ताटात येतात ते यामुळं.

दार उघडलं तर धंदा बुडतो का? कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडातल्या डिस्ने पार्कांत घरचं खाणं नेता येतं, काचेच्या बाटल्या आणि दारू तेवढी चालत नाही. शांघायच्या डिस्नेलँडमध्ये मात्र बंदी होती. कायद्याच्या एका विद्यार्थिनीचा खाऊ दारात अडवला गेला. तो होता 46.3 युआनचा. तिनं खटला भरला. सप्टेंबर 2019 मध्ये पार्कानं नियम बदलून बाहेरचं खाणं आत येऊ दिलं आणि तिला 50 युआन भरपाई दिली. ते पार्क आजही चालू आहे.

आपला कायदा अर्ध्या वाटेवर उभा आहे. 1 जानेवारी 2018 पासून एकाच बंद वस्तूवर बाहेर एक आणि आत दुसरी एमआरपी छापता येत नाही. पण 2017 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं हॉटेलांना बाटलीबंद पाण्याचे एमआरपीपेक्षा जास्त पैसे घ्यायची मुभा दिली, कारण तिथं बसायची जागा आणि वाढणी असते. खिडकीवरून हातात दिलेल्या बाटलीत कसली वाढणी? हा वाद घालण्यासारखा आहे, आणि घालावा. मात्र कागदी द्रोणातल्या पॉपकॉर्नवर एमआरपी नसतेच. खरी कमाई होते ती तिथं.

इथं बसलेल्या शिक्षकांना म्हणून एक सांगतो. सहलीचे पैसे भरण्याआधी पार्काला लेखी विचारा: डबा आत चालतो का, नसेल तर दाराजवळ बसून खाऊन परत आत येता येईल का? फुकट पाणी किती ठिकाणी आहे? आजारी मुलांच्या खाण्याचं काय? चाळीस तिकिटं एकदम घेणाऱ्याला तिथं उत्तर मिळतं, एकट्यादुकट्याला मिळत नाही. बिल मागून घ्या. 2022 पासून त्यावर अन्नसुरक्षेच्या परवान्याचा 14 आकडी क्रमांक असावाच लागतो. बाटलीवर छापल्यापेक्षा जास्त घेतले तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. आणि उद्या कयाधूच्या काठी कुणी असं उद्यान काढायला निघालं, तर हे सगळं त्याला पायाभरणीच्या आधी विचारा.