चेन्नईचा डास आणि पुन्हा पुन्हा येणारा डीएनए

चेन्नईत हिवताप पसरवणारा मुख्य डास घराच्या गच्चीवरच्या टाकीत, विहिरीत आणि बांधकामासाठी साठवलेल्या पाण्यात वाढतो. त्याचे नाव अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्साय. २०१६ साली चेन्नईतल्याच एका बांधकामाच्या जागेवरून गोळा केलेल्या या डासांच्या वाणाचा संपूर्ण जिनोम बंगळुरूच्या संशोधकांनी वाचला आणि २०२२ साली प्रसिद्ध केला. त्याच्या दुसऱ्या गुणसूत्रावर डीएनएच्या सुमारे १ कोटी ६५ लाख अक्षरांचा एक पट्टा आहे. काही डासांत तो सरळ असतो, तर काहींत उलटा फिरलेला. वेगवेगळ्या परिस्थितीशी जुळवून घेण्याशी या उलथापालथीचा संबंध असल्याचे मानले जाते. चेन्नईच्या वाणात दोन्ही प्रतींत हा पट्टा सरळ आहे. आधी वाचलेल्या दोन वाणांपैकी एकात दोन्ही प्रती उलट्या होत्या, दुसऱ्यात एक सरळ आणि एक उलटी. तिन्ही शेजारी ठेवल्यावर पट्टा नेमका कुठे तुटून उलटा जोडला गेला, ते अक्षरापर्यंत सांगता आले.

जिनोम असा पूर्ण वाचण्याचे काम इतकी वर्षे का अडले, याचे एक मोठे कारण म्हणजे पुनरावृत्त डीएनए, म्हणजे जिनोममध्ये शेकडो-हजारो वेळा तेच ते येणारे तुकडे. जुन्या तंत्राने डीएनए लहान लहान तुकड्यांत वाचला जाई. आरतीची वही फाटून तिच्या चिठ्ठ्या झाल्या आणि हाती फक्त ध्रुवपद असलेली चिठ्ठी आली, तर ते कोणत्या कडव्यानंतरचे हे कळणार नाही. जिनोमचेही तसेच होई, आणि असे भाग रिकामे सोडले जात. पुढे त्यांना महत्त्व नाही असेच गृहीत धरले गेले. वाचता न येणे ही यंत्राची मर्यादा होती, पण तिचा दोष डीएनएच्या माथी मारला गेला. लांब तुकडे वाचणारी यंत्रे आल्यावर २०२१ साली याच डासाचा जिनोम नव्याने जुळवण्यात आला. तेव्हा कीटकनाशकांना दाद न देण्याशी संबंधित जनुक-कुटुंबांतील २९ जनुके आधीच्या मसुद्यात दिसलीच नव्हती, असे आढळले. नरांमधल्या वाय गुणसूत्राचाही मोठा भाग पहिल्यांदाच उजेडात आला. ते गुणसूत्र तर पुनरावृत्तींनी भरलेले आहे.

यावर रास्त आक्षेप असा, की या तुकड्यांतले बहुतेक फक्त स्वतःच्या प्रती काढत राहतात, कीटकाला त्यांचा काही उपयोग नसतो. १९८० साली डूलिटल आणि सापिएन्झा यांनी, तसेच ऑर्गेल आणि क्रिक यांनी हाच मुद्दा मांडला होता, आणि त्याला आकडेही साथ देतात. अंटार्क्टिकातल्या बेल्जिका या पंखहीन माशीचा जिनोम सुमारे १० कोटी अक्षरांचा आहे, तर टोळाचा सुमारे ६५० कोटींचा. टोळाची जनुके काही पासष्टपट नाहीत. वाढ मुख्यतः पुनरावृत्तींची आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस इजिप्तीचा जवळपास निम्मा जिनोम अशाच, जागा बदलत उड्या मारणाऱ्या तुकड्यांनी व्यापला आहे. म्हणून प्रत्येक पुनरावृत्तीत दडलेला हेतू शोधणे मला चूक वाटते.

पण तुकडा निरुपयोगी असला, म्हणून तो निष्परिणाम ठरत नाही. एकाच गुणसूत्रावर एकाच तुकड्याच्या दोन प्रती परस्परविरुद्ध दिशेने बसल्या, तर त्यांची चुकून जोडी जमते आणि मधला भाग उलटा होतो. ड्रोसोफिला बुझाटी या फळमाशीत असे घडल्याचा पुरावा १९९९ साली मिळाला. चेन्नईच्या डासातली उलथापालथ याच रीतीने झाली असे मी म्हणत नाही. मुद्दा असा, की अशा घटनांचे साधन जिनोममध्ये सतत हजर असते. दुसरे उदाहरण डीडीटीचे आहे. २००२ साली आढळले, की या कीटकनाशकाला दाद न देणाऱ्या फळमाश्यांत एका विषनाशक जनुकाशेजारी अ‍ॅकॉर्ड नावाचा उडता तुकडा बसला होता आणि ते जनुक जास्त काम करत होते. तो तुकडा माशीच्या भल्यासाठी तिथे आला नव्हता. तिथे बसल्यावर तो फायद्याचा ठरला आणि फवारणीने त्याच माश्यांना निवडले. लाखो प्रतींपैकी एखादीच अशी ठरली, तरी उत्क्रांतीला तेवढे पुरते.

स्टीफेन्साय आता भारतापुरता उरलेला नाही. २०१२ साली तो जिबूतीत आढळला, २०१६ साली इथिओपियात, आणि आफ्रिकेतल्या शहरांत हिवतापाची नवी भीती उभी राहिली. चेन्नईच्या जिनोममुळे सरळ आणि उलटा पट्टा ओळखणाऱ्या २२,६५० खुणा हाती आल्या आहेत. ठिकठिकाणच्या ८२ डासांची तपासणी केली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश डासांत दोन्ही मांडण्या एकत्र नांदत असल्याचे दिसले. कोणत्या शहरातला डास कोणत्या कीटकनाशकाला दाद देणार नाही हे ठरवताना जुन्या, अर्धवट मसुद्यावर विसंबलेली चाचणी त्या २९ जनुकांकडे पाहणारच नाही.